सुकाणूवर उपचार

सोमवारी सकाळी चहा पिताना बाई सहज म्हणाल्या, "बोट उजवीकडे ओढते हो. तासभर स्टिअरिंग डावीकडे दाबून धरायचं म्हणजे खांदा नुसता भरून येतो."

इतकंच. बायको असं काही बोलते ते कुणीतरी ऐकून घ्यावं म्हणून बोलते, आणि "हो का?" एवढ्या उत्तरावर तिचं समाधान होतं, हे लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या कुठल्याही नवऱ्याला ठाऊक असायला हवं. पण बाईंचे यजमान दातांचे डॉक्टर होते. समोरच्याने तोंड उघडून 'दुखतंय' म्हटलं की हातात काहीतरी फिरतं यंत्र घ्यायचं, ही सवय त्यांना तीस वर्षांची होती, म्हणजे लग्नाहूनही जुनी.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"ओढतंय ते."

"पहिल्यापासूनच. सगळ्याच बोटी थोड्याफार ओढतात म्हणे. खालचा पंखा एकाच बाजूला फिरतो ना, म्हणून."

"सतत, की अधूनमधून?"

"अहो, मी पेशंट नाहीये. चहा निवतोय तो प्या आधी."

बाई शाळेत गणित शिकवायच्या. सव्वीस वर्षं शिकवत होत्या, त्यामुळे शाळेतली मुलं, मुलांचे आईवडील, दूधवाला, शेजारी असे सगळेच त्यांना बाई म्हणत. चारचौघांत डॉक्टरही म्हणत. पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या धाकट्या बहिणीने दोघांना गावाबाहेरच्या तळ्यावरच्या क्लबात ओढत नेलं. बहिणीला पाण्यावर स्की करायचा भारी सोस. तिला दोरीने ओढायला बोट हवी, आणि बोट चालवायला कुणीतरी हवं. डॉक्टरांना पाण्यात पाय बुडवला तरी गरगरायचं. मग बाई स्टिअरिंगवर बसल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आयुष्यात आपल्याला जे हवं होतं ते हेच. शिवाय वर्गात पुढे बसलेल्यांकडे बघावं लागतं, बोटीत मागे ओरडणाऱ्या नणंदेकडे बघावं लागत नाही, हाही एक फायदा होताच. पुढे वर्षभरात घरची बोटही आली.

आता येत्या रविवारी बाईंची परीक्षा होती. पास झाल्या तर स्पर्धेत बोट चालवायचा परवाना मिळणार होता. परीक्षा ऐकायला सोपी होती. पाण्यात सहा लाल गोळे तरंगत असतात, तीन या अंगाला आणि तीन त्या अंगाला. स्की करणारा दोरी धरून या गोळ्यावरून त्या गोळ्यावर झोके घेत जातो. मधोमध पिवळ्या गोळ्यांच्या जोड्यांची अरुंद फाटकं असतात, आणि बोट त्यांतून पट्टीने आखल्यासारखी सरळ न्यायची असते. मागचा माणूस दर झोक्याला बोटीचं शेपूट खेचत असतो, तरीही. वीतभर इकडे तिकडे झालं की गुण गेले.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे गुण कापलेल्या बाईंना या परीक्षेची भलतीच धास्ती वाटत होती. शाळेत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. "नापास झाले तर सहावीच्या वर्गात कुठल्या तोंडाने उभी राहू?" असं त्या म्हणत. रात्री जेवणं झाली की टेबलावर सहा वाट्या मांडायच्या आणि मधून चमचा सरळ न्यायचा, असा त्यांचा महिनाभर अभ्यास चालला होता. बाईंना इतक्या वर्षांत इतकं मनापासून काही हवंसं वाटलेलं डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं. म्हणून तो भरून येणारा खांदा त्यांच्या डोक्यातून जाईना.

दुपारी ते तळ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री इंजिनात डोकं घालून बसला होता. त्याने डोकं बाहेर न काढताच सगळं ऐकून घेतलं.

"परीक्षा कधीये?"

"रविवारी."

"मग सोमवारी या."

"अहो, पण खांदा दुखतोय तिचा!"

"डॉक्टर, परीक्षेच्या तोंडावर सुकाणूला हात लावू नये. आणि जराशी ओढते ते बरंच असतं. हाताला कळत राहतं बोट काय करतेय ते."

"पण समजा लावायचाच झाला हात, तर करतात काय?"

"काय करणार? सुकाणूची मागची कड एका बाजूने कानसायची. केसभर. मग चालवून बघायचं. मग वाटलंच तर परत केसभर. पण मी आत्ता करणार नाही."

शेवटचं वाक्य डॉक्टरांनी ऐकलंच नाही. त्यांचे डोळे चमकले होते. नवी बसवलेली कॅप उंच लागली की ती केसभर घासायची, पेशंटला चावायला सांगायचं, पुन्हा केसभर घासायची. हे काम त्यांनी उभ्या आयुष्यात दहा हजार वेळा तरी केलं असेल. सुकाणू म्हणजे तरी काय, बोटीचा एक उंच लागणारा दातच की! मिस्त्रीला भीती वाटत असेल तर वाटो. ज्या माणसाला स्वतःची किडकी दाढ दाखवायला तीन वर्षं धीर होत नाही, त्याच्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची?

राहता राहिलं 'चालवून बघायचं'. ते डॉक्टरांना जमणारं नव्हतं, पण त्यांना त्यात काही अडचण दिसली नाही. दवाखान्यात तरी डॉक्टर कुठे चावून बघतो? चावतो पेशंटच. बाई रोज सकाळी सरावाला जातातच. आल्या की नाश्त्याला विचारायचं, झालं. आणि बाईंना आधी सांगायचं नाही. एक तर खांदा दुखायचा थांबल्यावर त्यांचा चेहरा कसा खुलतो ते डॉक्टरांना बघायचं होतं. दुसरं म्हणजे, आधी सांगितलं की पेशंटला नसलेलंही जाणवायला लागतं, हा त्यांचा अनुभव होता.

"दुपारच्या अपॉइंटमेंट पुढे ढकला," त्यांनी दवाखान्यातल्या मावशींना सांगितलं. "मला बाहेर एक केस बघायचीये."

मावशी वीस वर्षं दवाखान्यात होत्या. "बाहेर? पेशंटला इथे आणता येत नाही का?"

"हलवता येत नाही त्याला."

"अरेरे," मावशी म्हणाल्या, आणि कवळ्या घासायचं यंत्र पिशवीत भरताना त्यांनी डॉक्टरांना मदतही केली.

बोट धक्क्यापाशी पाण्यातून वर उचलून ठेवलेली असे. डॉक्टर चटई अंथरून तिच्या पोटाखाली उताणे झोपले. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क, कपाळावर दिवा. समोर पितळेचं सुकाणू होतं, दोन तळहात जोडावेत एवढं. त्यांनी दिवा लावला, यंत्र सुरू केलं आणि सवयीने म्हणाले, "दुखलं तर डावा हात वर करा." सुकाणूने काही हात वर केला नाही. केसभर पितळ निघालं.

मंगळवारी सकाळी बाई गाणं गुणगुणत घरी आल्या.

"अहो, आज खांदा अजिबात दुखला नाही! हात बसला बहुतेक माझा."

डॉक्टरांची छाती दोन इंच फुगली. इथे ते थांबले असते, तर सगळे सुखाने रविवारपर्यंत पोचले असते आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण डॉक्टरांना राहवलं नाही.

"अजिबात म्हणजे अजिबात नाही, की थोडासा?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "थोडासा असेल. शेवटी शेवटी."

थोडासा! हा शब्द ऐकून पेशंटला घरी पाठवतील ते डॉक्टर कसले? अति तिथे माती, ही म्हण लहान मुलांना गोड देताना ते रोज ऐकवत. पण दुपारी पुन्हा चटई, दिवा आणि यंत्र घेऊन ते बोटीखाली हजर झाले. या वेळी एक केस जाड होता, एवढंच.

बुधवारी नाश्त्याला बाईंच्या मागोमाग डॉक्टरांची बहीणही आली. केसांतून पाणी निथळत होतं.

"वहिनी, आज लक्ष कुठे होतं तुमचं? फाटकाचा गोळा उडवलात तुम्ही! मी दोरीसकट गेले ती थेट बदकांत."

"कळेना गं मला," बाई म्हणाल्या. "हात आपोआप डावीकडे जात होता. मी थांबवतेय तरी जातोय."

"बदकं काय ओरडली माहितीये? दादा, तू हसतोयस?"

दादा हसत नव्हता. त्याच्या घशात घास अडकला होता. बोट आता डावीकडे ओढायला लागली होती, आणि बाईंचा हात बिचारा इतक्या वर्षांच्या सवयीने तिला आणखी डावीकडे दाबत होता. दोष सगळा सुकाणूचा होता. आणि बाई मात्र स्वतःच्या तळहाताकडे बघत बसल्या होत्या, वहीत उत्तर चुकल्यावर मूल बघतं तशा.

सांगून टाकावं, असं डॉक्टरांना वाटलं. अगदी ओठांवर आलं. पण बिघडलेलं काम दाखवण्यापेक्षा दुरुस्त झालेलं दाखवावं, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. एका बाजूने जरा जास्त गेलंय, तर दुसऱ्या बाजूने तेवढंच काढायचं. साधी गोष्ट. उद्या सांगू.

त्या दुपारी खुर्चीत पोस्टमास्तर होते. त्यांच्या दोन दातांमध्ये कापूस ठेवून "मी येईपर्यंत घट्ट चावून धरा" असं सांगून डॉक्टर जे पिशवी घेऊन निघाले ते दोन तासांनी उगवले. पोस्टमास्तर सरकारी माणूस, त्यांनी आज्ञा तंतोतंत पाळली होती. जबडा उघडायला मावशींना गरम पाण्याचा शेक द्यावा लागला.

"तो हलवता न येणारा पेशंट कसाय?" मावशींनी जरा खवचटपणेच विचारलं.

"गुंतागुंत झालीये," डॉक्टर म्हणाले.

गुरुवारी बोट उजवीकडे ओढायला लागली, आणि ती आधी ओढायची त्याच्या दुप्पट. सकाळी बाईंनी कपात चहा ओतला तो अर्धा बशीत गेला.

"काल डावीकडे, आज उजवीकडे. अहो, मला काही झालं नसेल ना? डोक्यातबिक्यात?"

"छे छे! काहीतरीच काय!"

"तुम्ही एवढे घाबरलात का मग?"

"मी? मी कुठे घाबरलो?" खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं झालं होतं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता.

मधल्या सुट्टीत बाई डोळे तपासून आल्या. डोळे ठणठणीत निघाले, त्यामुळे त्यांना जास्तच काळजी वाटायला लागली. संध्याकाळी त्यांनी दोन्ही खांद्यांना मलम चोळलं, हातात पट्टी धरून ती भिंतीवरच्या रेघेवर स्थिर राहते का ते पाहिलं, आणि ती स्थिर राहिली तरी त्यांना पटलं नाही.

तेवढ्या वेळात डॉक्टरांनी तळ्यावर काय केलं, ते विचारू नये. दोन मांजरांना लोणी वाटून देणाऱ्या माकडाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. या बाजूने जरा, त्या बाजूने जरा, मग पुन्हा या बाजूने. शेवटी त्यांनी दातांची जाडी मोजायचं माप लावून दोन्ही बाजू अगदी सारख्या केल्या, तसूभरही फरक नाही. मग काम इतकं देखणं झालंय तर अर्धवट कशाला सोडा म्हणून कवळ्यांच्या पॉलिशची पेस्ट लावून सुकाणू आरशासारखं चकचकीत केलं. ते मूळचं होतं त्यापेक्षा बोटभर आखूड झालं होतं, पण चमक अशी होती की डॉक्टरांना स्वतःच्या नाकातले केस त्यात दिसले.

शुक्रवारी बोट उजवीकडे ओढेना आणि डावीकडेही ओढेना. ती कुठेच ओढेना. स्टिअरिंग हिरडी सुटलेल्या दातासारखं नुसतं हलायचं. चार बोटं फिरवलं तरी बोटीला पत्ता नाही, पाचव्या बोटाला ती एकदम वळायची. बाई सावरायला जायच्या, तर ती दुसरीकडे. फाटकं राहिली सरळ उभी आणि बोट त्यांच्यामधून नागमोडी गेली. नणंदेने तिसऱ्या फेरीत दोरी सोडली आणि पोहत काठ गाठला. बोटीत परत यायला ती तयार होईना. ओल्या कपड्यांनीच घरी चालत निघाली.

"वहिनी, शब्द दिलाय म्हणून रविवारी येईन मी," ती काठावरून ओरडली. "पण माझं काही बरंवाईट झालं, तर माझ्या कुंड्यांना पाणी घालायला दादाला सांगा!"

त्या संध्याकाळी डॉक्टर घरी आले तेव्हा टेबलावर वाट्या नव्हत्या. एक कागद होता. बाईंच्या मोत्यासारख्या अक्षरात त्यावर लिहिलं होतं : 'माननीय सचिव, वैयक्तिक कारणामुळे मी रविवारच्या परीक्षेला बसू शकत नाही. कृपया माझं नाव कमी करावं.'

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. "उद्या सकाळी देऊन टाकते. झेपत नाहीये मला, मान्य करायला हवं. वर्गात मी पोरांना सांगते ना, नापास झालात तरी काही बिघडत नाही म्हणून. बिघडतं हो. खूप वाईट वाटतं. पण आपलाच हात आपलं ऐकत नसेल, तर त्या दोरीला दुसऱ्याचा जीव कशाला बांधायचा?"

डॉक्टरांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एकदा त्यांनी चुकून शेजारचा दात काढला होता, तेव्हासुद्धा नाही. या बाईने महिनाभर वाट्यांमधून चमचा चालवला होता, आणि आपण तिच्या हातावरचा तिचा विश्वासच घासून टाकला, केसाकेसाने.

"तुझा हात ठीक आहे," ते म्हणाले.

"उगाच समजूत घालू नका."

"समजूत नाही. सुकाणू मी घासलं."

बाईंनी मान वळवली. 

"कधी?"

"सोमवारी."

"सोमवारी?"

"आणि मंगळवारी. बुधवारी दुसऱ्या बाजूने. गुरुवारी दोन्ही बाजूंनी. मग पॉलिश."

"पॉलिश?"

"चांगलं आलंय," डॉक्टर चाचरत म्हणाले.

"उभे राहा."

डॉक्टर उभे राहिले. बाईंच्या त्या आवाजावर पोलिसांची पोरंसुद्धा उभी राहत.

"किती घासलंत?"

"केसभर."

"एकूण किती केस?"

डॉक्टरांनी बेरीज केली. खोटं बोलायची हिंमत होईना. "वेणी होईल एखादी."

आता आकाश कोसळणार म्हणून त्यांनी खांदे आखडले. पण बाईंनी आधी स्वतःचा उजवा हात डोळ्यांसमोर धरला. मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "म्हणजे माझा हात ठीक आहे," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या हसल्या. मग त्यांनी तो कागद टराटरा फाडला, आणि त्यानंतर आकाश कोसळलं.

"पेशंटला न विचारता त्याचा दात घासता का तुम्ही? नाही ना? मग मी काय पेशंटाहून परकी? तीन दिवस मला वेड लागलंय असं वाटत होतं, आणि तुम्ही समोर बसून पोळीला तूप लावत होतात!" अर्धा तास हे चाललं. डॉक्टरांनी ते सगळं औषधासारखं घेतलं. कडू होतं, पण तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. सकाळीच मिस्त्री बॅटरी घेऊन बोटीखाली शिरला. सुकाणूच्या कडेवरून त्याने दोनदा अंगठा फिरवला.

"हे आधी कोणी केलंय?" शेवटी त्याने विचारलं.

हा प्रश्न डॉक्टरांच्या चांगल्याच ओळखीचा होता. दुसऱ्या डॉक्टरकडून आलेल्या पेशंटच्या तोंडात डोकावून ते स्वतः तो याच सुरात विचारत.

"आहे एक ओळखीतला."

"ओळख तोडा त्याच्याशी," मिस्त्री म्हणाला. "पण हात सफाईचाय हां. इतकं वाईट काम इतकं सुंदर केलेलं मी बघितलं नव्हतं."

"आता काय करायचं?"

"आता कानसायला उरलंय काय? नवीनच बसवावं लागेल. मागवलं तर दहा दिवसांनी येईल."

"उद्या परीक्षा आहे हो!"

"मी तरी सोमवारी या म्हणालो होतो."

दुसरी बोट मागून आणावी, तर अर्जात जी बोट लिहिली तीच परीक्षेला चालणार, असा क्लबाचा नियम होता. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मात्र शांतपणे पदर खोचत म्हणाल्या, "मग हीच. बसा तुम्ही."

"मी? बोटीत?"

"परीक्षक माझ्या शेजारी बसणार. त्यांच्या वजनाचं कुणीतरी हवं ना. बसा."

डॉक्टर बसले. मांडीवर बादली घेतली आणि डोळे मिटले. त्या दिवशी बाईंनी किती फेऱ्या मारल्या ते त्यांना सांगता येणार नाही. बादली मात्र तीनदा विसळावी लागली. दोष सुकाणूचा आहे हे कळल्यावर नणंद दोरी धरायला आली होती, आणि पहिल्या काही फेऱ्यांत तिच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. मग त्या कमी झाल्या. दुपारी डॉक्टरांनी एक डोळा उघडून पाहिलं, तर बाई स्टिअरिंगकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर पार पलीकडच्या शेवटच्या फाटकावर खिळली होती आणि हात जरा जरा, बोट कलायच्या आतच हलत होते.

"जमतंय?" त्यांनी घाबरत विचारलं.

"स्टिअरिंग काही सांगतच नाही, तर त्याला विचारायचं कशाला? लांब बघायचं," बाई म्हणाल्या. "आणि एक सांगू? सोमवारी उजवीकडे, बुधवारी डावीकडे, गुरुवारी दुप्पट उजवीकडे, शुक्रवारी कुठेच नाही. एका आठवड्यात मी चार बोटी चालवल्यासारखं झालंय. पूर्वी मला एकच येत होती."

"म्हणजे माझा थोडा उपयोग..."

"बादली धरा सरळ."

रविवारी सकाळी परीक्षक आले. उंच, किडकिडीत, डोक्यावर टोपी, कानामागे पेन्सिल. बोलणं जवळजवळ नाहीच. बाईंना मान लववून ते शेजारी बसले. नणंदेने दोरी धरली, एकदा दादाकडे खुनशी नजर टाकली, आणि बोट निघाली.

डॉक्टर मिस्त्रीबरोबर धक्क्यावर उभे होते.  लांबून त्यांना दिसत होती फक्त बोटीची पाठ आणि मागे उमटणारी पांढरी रेघ. पहिल्या फेरीत दुसऱ्या फाटकापाशी ती रेघ जराशी हलली. डॉक्टरांनी मिस्त्रीचा हात इतका घट्ट धरला की तो कळवळला. पण रेघ पुन्हा सरळ झाली. तिसरं फाटक, चौथं, शेवटचं. दुसरी फेरी, तिसरी. सहाव्या फेरीपर्यंत पाण्यावर कुणी पट्टी ठेवून ओढल्यासारखी रेघ उमटत होती, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की आपण रडतोय.

"डोळ्यात पाणी उडालं," ते म्हणाले.

"बोट शंभर पावलांवर आहे, डॉक्टर," मिस्त्री म्हणाला. पण त्याने आपला रुमाल दिला.

बोट धक्क्याला लागली. बाई उतरायला निघाल्या, तर परीक्षक जागचे हलेनात. त्यांनी हात लांब करून स्टिअरिंगला दोन बोटं लावली. इकडे हलवलं, तिकडे हलवलं. कपाळावर आठी पडली. मग त्यांनी बोट वर उचलायला लावली, गुडघ्यांवर बसले आणि खाली वाकून बघितलं. त्या चकचकीत पितळेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. टोपी तिरकी झाली होती, ती त्यांनी तिथेच सरळ केली.

"बाई," ते उठून म्हणाले, "या सुकाणूवर तुम्ही सहा फेऱ्या सरळ मारल्यात?"

"हो."

"मुद्दाम?"

"नाही. आमच्याकडे हेच होतं."

परीक्षकांनी कानामागची पेन्सिल काढली आणि बराच वेळ लिहीत राहिले. नणंद धीर न धरवून त्यांच्या खांद्यावरून डोकावली आणि मोठ्यांदा वाचायला लागली. "चालक : उत्तीर्ण." तिने अशी आरोळी ठोकली की बदकं पुन्हा उडाली. "बोट : अनुत्तीर्ण. नवीन सुकाणू बसेपर्यंत पाण्यात उतरवू नये."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दहावीच्या निकालाला पोरी झाकतात तसं. मग त्यांनी गर्दीत डॉक्टरांना शोधलं आणि अशा काही हसल्या, की डॉक्टरांना सोमवारपासून जो चेहरा बघायचा होता तो एकदाचा दिसला.

"एक रकाना राहिलाय," परीक्षक म्हणाले. "बोटीची देखभाल कोण करतं?"

 डॉक्टर हळूच मिस्त्रीच्या पाठीमागे सरकले. मिस्त्री बाजूला झाला.

"घरचेच डॉक्टर आहेत," बाई म्हणाल्या.

"बदला," परीक्षक मान वर न करता म्हणाले.

"तो विचार शुक्रवारी करून झाला," बाई म्हणाल्या. "पण आता हाताला सवय झालीये."

परीक्षकांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्या रकान्यात 'घरगुती' असं लिहून त्यांनी सही केली.